चाकावर मातीचा वाडगा : मळण्यापासून भट्टीपर्यंत

वाडगा वाकडा झाला की 'माती ओढताना हात हलला' असं म्हटलं जातं. वाळताना बुडाला चीर गेली की दोष वाऱ्याला लागतो आणि भाजताना फुटला की भट्टीला. शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून पाहिलं की वेगळंच लक्षात येतं. चूक दिसते तिथे ती झालेली नसते, एक-दोन टप्पे मागे होऊन गेलेली असते. हलणारा काठ सेंटरिंगमधून, म्हणजे गोळा चाकाच्या मध्यावर नीट न आणल्यातून येतो, बुडाची चीर गोळा उघडतानाच्या घाईतून येते, आणि भट्टीतला स्फोट जाड राहिलेल्या बुडातून येतो.

म्हणून इथे जवळपास प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. तपासणीत माती उतरली नाही तर पुढे जाऊ नका, मागे या. ओला गोळा कितीही वेळा पुन्हा मळता येतो, भाजलेल्या वाडग्याची मात्र पुन्हा माती होत नाही.

हिशेब सोपा राहावा म्हणून एकच माप धरू. ६०० ग्रॅम माती, आणि चाकावर असताना साधारण १५ सेंटिमीटर रुंद, ७ सेंटिमीटर उंच वाडगा. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला पिकणारी माती वाळून आणि भाजून १० ते १३ टक्के आक्रसते, म्हणजे हातात येणारा वाडगा १३ सेंटिमीटरच्या आसपास असेल. ठरावीक मापाचा वाडगा हवा असेल तर ही घट आधीच धरून मोठा करायचा.

तयारी : चाक सुरू करण्याआधी

पहिला प्रश्न मातीचा. ही माती किती तापमानाला पिकते, हे ठाऊक असल्याशिवाय पिशवी उघडू नका. कमी तापमानाची अर्दनवेअर माती स्टोनवेअरच्या भट्टीत वितळून भट्टीच्या फळीवर पसरते. शिकण्यासाठी बारीक पोताची माती घ्या. जाड ग्रॉगची, म्हणजे भाजलेल्या मातीचे खरखरीत कण मिसळलेली माती आकार चांगला धरते, पण नवख्या हातांना तळवे सोलेपर्यंत घासते.

मग ओलावा. बोटाएवढी जाड वळी करून ती दुसऱ्या बोटाभोवती गुंडाळा. वळीला भेगा पडल्या तर माती कोरडी आहे. तळहाताला चिकटून थर मागे राहिला तर फार ओली आहे. वळी न तुटता वळली आणि हात जवळजवळ स्वच्छ राहिला तर माती तयार आहे. ओली माती प्लास्टरच्या लादीवर पसरून, अधूनमधून उलटवत वीस-तीस मिनिटं ठेवली की जागेवर येते. लादीचा कपचा उडालेला असेल तर तो भाग टाळा. प्लास्टरचा एवढासा कण मातीत गेला तरी भाजल्यानंतर तो ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो.

कोरडी माती आणखी त्रासदायक. वरून पाणी शिंपडून ती मऊ होत नाही, फक्त बाहेरून निसरडी होते. पातळ काप करून, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा.

साधनं थोडीच लागतात : कापायची तार, सुई, स्पंज, वक्र कडेची लाकडी रिब (आकार द्यायची चपटी पट्टी), लाकडी सुरी, तासायला लूप टूल (टोकाला पात्याचं कडं असलेलं हत्यार), चाकावर बसवायची एक बॅट (काढता-घालता येणारी फळी) आणि पाण्याची बादली. सगळं उजव्या हाताशी ठेवा. फिरतं चाक सोडून तार शोधायला उठलं की एकाग्रता मोडते, आणि तोवर भिंत पाणी पिऊन बसते.

बसण्याची उंची बहुतेक जण दुर्लक्षितात. बैठक चाकाच्या पातळीला किंवा किंचित वर हवी, आणि चाक पोटाच्या अगदी जवळ. कोपर मांडीवर किंवा कंबरेशी टेकता आलं पाहिजे. कोपर हवेत राहिलं तर पुढचं काहीही जमणार नाही, ताकद कितीही असली तरी.

सावध : नखं कापा, अंगठ्या-बांगड्या काढा, मोकळे केस आणि ओढणी बांधा.

टप्पा १ : मळणे

माती तळव्याच्या टाचेने पुढे दाबायची, बोटांनी मागे ओढून उभी करायची, पुन्हा दाबायची. हात नव्हे, खांदे आणि कंबर पुढेमागे झाली पाहिजे. तीस-चाळीस वेळा. कणकेसारखी घडी घालू नका, इथेच सर्वाधिक गडबड होते. प्रत्येक घडीबरोबर हवा आत अडकते आणि तीस घड्यांनंतर माती आधीपेक्षा वाईट होते. मातीवर माती दुमडायची नाही, ती स्वतःतच रेटत न्यायची.

मळण्याचा हेतू केवळ हवा काढण्यापुरता नाही. गोळ्यात एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला मऊ माती असेल तर चाकावर ती कधीच सारखी फिरत नाही. मऊ बाजू दबते, घट्ट बाजू हाताला ढकलते, आणि माणूस अर्धा तास स्वतःच्या हातांना दोष देत बसतो.

तपासा : गोळा तारेने मधोमध कापा. कापलेला भाग साबणाच्या वडीसारखा एकसंध दिसला पाहिजे. भोकं, रेघा किंवा रंगाचे पट्टे दिसले तर दोन्ही भाग एकमेकांवर आपटून पुन्हा मळा.

आता ६०० ग्रॅम तोला आणि दोन हातांत थापटत गोल गोळा करा. खालची बाजू सपाट किंवा खोलगट नको, फुगीर हवी. खोलगट बूड चाकावर टेकलं की त्याखाली हवा राहते आणि ऐन कामात गोळा सुटतो.

टप्पा २ : गोळा चिकटवणे

बॅट ओलसर स्पंजने पुसा. ओलसर, ओली नाही. पाण्याचा थर राहिला तर गोळा घसरतो. चाक थांबलेलं ठेवून गोळा मध्यावर जोरात टाका. मग चाक सावकाश फिरवत दोन्ही तळव्यांनी थापट्या मारून तो मध्याकडे आणा. पाणी अजून लावायचं नाही. गोळ्याची खालची कड अंगठ्याने बॅटवर दाबून बंद करा.

तपासा : चाक थांबवून गोळ्याला दोन्ही हातांनी एका बाजूने ढकला. हलला तर काढा, बॅट पुसा, पुन्हा टाका.

टप्पा ३ : सेंटरिंग

इथे घाई करणाऱ्याचा प्रत्येक पुढचा टप्पा बिघडतो. गोळा चाकाच्या अक्षाशी तंतोतंत जुळवणं, एवढंच काम आहे. पण ते 'जवळजवळ' करून चालत नाही. गोळ्यात दिसणारी केसभर थरथर वाडग्याच्या काठावर बोटभर होते, कारण भिंत जितकी वर आणि बाहेर जाते तितकी ती वाढते.

खालचं वर्णन चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं असं धरून आहे. तुमचं चाक घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर डाव्या-उजव्या हातांची अदलाबदल करा.

चाक वेगात फिरू द्या, मिनिटाला साधारण दोनशे फेरे. हात आणि गोळा ओले करा. डावं कोपर मांडीच्या आतल्या बाजूला किंवा कंबरेच्या हाडाशी घट्ट रुतवा. डाव्या तळव्याची टाच गोळ्याच्या बाजूला आणि उजव्या हाताची कड गोळ्याच्या माथ्यावर. दोन्ही हात एकमेकांना कुठेतरी टेकलेले हवेत, अंगठ्याने अंगठा धरला तरी चालेल. आता हाताने दाबू नका, कमरेतून पुढे झुका. वजन कोपरातून तळव्यात जाऊ द्या.

खरा मुद्दा ताकदीचा नाहीच. गोळा हाताला धक्के देतो आणि हात त्या धक्क्यांबरोबर हलतो. हात हलला की माती जिंकली. हात जागेवर खिळवून ठेवला की मातीला त्या हातातून वाट काढत गोल व्हावंच लागतं. सडपातळ मनगटाची माणसं दोन किलोचा गोळा सहज सेंटर करतात, ती याच जोरावर.

मग कोनिंग. दोन्ही तळवे समोरासमोर ठेवून बुडापासून दाबत माती उंच करा, सुळक्यासारखी. माथ्यावर खळगा पडू देऊ नका, त्यात पाणी साचून आत गाडलं जातं. उंच झालेला सुळका डाव्या हाताने बाजूने सावरत उजव्या हाताने खाली दाबा. खाली नेताना छत्रीसारखी कड बाहेर लोंबली तर ती आत हवा कोंडते, म्हणून बाजूचा हात सोडायचा नाही. असं दोन-तीनदा करा. सातव्या-आठव्यांदा करत असाल तर थांबा, एव्हाना माती पाण्याने थकलेली असेल.

पाणी किती? हाताला घासल्यासारखं वाटलं की थोडं. सतत ओतत राहिलात तर वरचा थर चिखल होतो आणि आतली माती बूड धरेनाशी होते.

सावध : हात झटकन काढू नका. शेवटच्या क्षणी हात उचलल्याचा धक्का सगळं सेंटरिंग पुसून टाकतो. दाब हळूहळू, चाकाचे दोन-तीन फेरे होऊ देत सोडा. हा नियम अगदी शेवटापर्यंत लागू आहे.

तपासा : बोट गोळ्याला जेमतेम लागेल असं स्थिर धरा. बोट अखंड टेकून राहिलं तर गोळा मध्यावर आहे. टेकतं-सुटतं असं झालं तर नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ओल्या मातीची चमक फसवते.

शेवटी गोळा बसक्या पेढ्याच्या आकाराचा करा, उंचीपेक्षा रुंदी थोडी जास्त.

टप्पा ४ : गोळा उघडणे

वेग थोडा कमी करा. मध्यावर अंगठा किंवा दोन बोटं ठेवा, थेंबभर पाणी सोडा आणि सरळ खाली उतरा. तळाशी १० ते १२ मिलिमीटर माती उरली पाहिजे. ही जाडी नंतर बुडाचं कडं, म्हणजे वाडगा ज्यावर टेकतो ती गोल कड, तासण्यासाठी लागते. नवखे दोन्हीकडे चुकतात. भीतीपोटी दोन सेंटिमीटर सोडतात, नाहीतर उत्साहात थेट बॅटपर्यंत पोहोचतात.

तपासा : चाक थांबवा. सुई मध्यात खाली टेकेपर्यंत खुपसा, बोट मातीच्या पातळीला आणा आणि सुई बाहेर काढून मोजा. भोक पुढच्या दाबात बुजतं.

आता बोटं बाहेरच्या दिशेने ओढत तळ रुंद करायचा आहे, आणि वाडग्याचं सारं वेगळेपण इथेच सुरू होतं. पेल्याला सपाट तळ आणि कोपरा लागतो. वाडग्याला कोपरा नको. बोटं बाहेर नेतानाच किंचित वर उचला, म्हणजे आतला तळ पहिल्यापासूनच उथळ वाटीसारखा वळतो. 'नंतर गोल करू' म्हणून सपाट तळ केलात तर तो कोपरा शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

मग तळ दाबून घट्ट करा. बोटांनी किंवा रिबच्या वक्र कडेने मध्यापासून काठाकडे आणि काठापासून मध्याकडे, पाच-सहा वेळा. हा अर्धा मिनिट बहुतेकांकडून वगळला जातो. गोळा उघडताना तळाच्या मातीवर दाब पडलेला नसतो. भिंती ओढताना दाबल्या जातात, तळ सैलच राहतो. सैल माती वाळताना जास्त आक्रसते, त्यातून मध्यावर इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळणदार चीर जाते. ती कधी वाळताना दिसते, कधी थेट भट्टीतून निघाल्यावर.

तळाशी साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. ते राहिलं तर तळ मऊ होतो आणि त्याच चिरेला आमंत्रण मिळतं.

टप्पा ५ : भिंत वर ओढणे

वेग आणखी कमी, मिनिटाला शंभर फेऱ्यांच्या आसपास. हात घड्याळातल्या तीन ते चारच्या जागी ठेवा. डाव्या हाताची बोटं आत, उजव्या हाताच्या तर्जनीची वळवलेली पेरं किंवा स्पंज बाहेर. आतली बोटं बाहेरच्यांपेक्षा कणभर वर. डावा अंगठा उजव्या हातावर टेकवा, म्हणजे दोन्ही हात एकच हत्यार होतात.

अगदी बुडापासून सुरुवात करा. बाहेरून दाबून मातीची फुगीर वळी तयार होऊ द्या आणि ती वळी दोन हातांच्या चिमटीतून सावकाश वर न्या. चाकाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत हात फार तर बोटाच्या जाडीएवढा वर सरकला पाहिजे. हात चाकापेक्षा घाईने वर गेले तर भिंतीवर मळसूत्रासारखी जाड-पातळ पट्टी पडते आणि काठ एका बाजूला उंच होतो.

तीन ओढी पुरेत. काही जण सहा-सात करतात आणि प्रत्येक वेळी भिंत मऊ होत जाते. पहिल्या ओढीत धीटपणे बरीच माती उचला, दुसरीत सारखी करा, तिसरीत जिथे जाड लागेल तिथून वर न्या. ओढीसाठी पाण्यापेक्षा हाताला लागलेला पातळ चिखल चांगला, तो निसरडेपणा देतो पण भिंतीत मुरत नाही.

भिंत सरळ वर किंवा किंचित आत झुकलेली ठेवा. वाडगा हवा म्हणून आत्ताच बाहेर पसरवू नका. फिरती माती आपणहून बाहेर धावते. एकदा काठ पसरला की तो पुन्हा आत आणणं अवघड, आणि पसरलेल्या भिंतीतून माती वर ओढता येत नाही. उंची आधी, रुंदी नंतर. वाडग्याच्या कामात हा क्रम उलटा करणारे सर्वाधिक आहेत, कारण डोळ्यांसमोर वाडगा असतो आणि हातांनाही लगेच तोच करायचा असतो.

प्रत्येक ओढीनंतर काठ दाबा. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत काठ हलका धरा आणि उजव्या तर्जनीने वरून दाब द्या. काठ भिंतीपेक्षा थोडा जाडच ठेवा. पुढे वाडगा रुंद करताना काठाची माती ताणली जाते आणि पातळ काठ तिथे फाटतो.

तपासा : तिसऱ्या ओढीनंतर चाक थांबवून भिंत चिमटीत धरून खालून वर पाहा. बुडाशी थोडी जाड, वर ६-७ मिलिमीटर, आणि मध्ये एकही गाठ नाही असं हवं. काठ वरखाली होत असेल तर चाक सावकाश फिरवत सुई बाहेरून आत शिरवा, आत बोट लागलं की कापलेली पट्टी उचलून घ्या आणि काठ पुन्हा दाबा. यामागचं कारण सेंटरिंग होतं, पुढच्या गोळ्याला ते लक्षात ठेवा.

टप्पा ६ : वाडग्याचा आकार

वेग सगळ्यात कमी, मिनिटाला साठ-सत्तर फेरे. आतलं पाणी पुन्हा टिपा. आता बाहेरचा हात जवळजवळ रिकामा असतो, तो फक्त भिंतीला साथ देतो. काम आतल्या हाताचं. रिबची वक्र कड तळाच्या मध्यापासून लावा आणि एका सलग वळणात काठापर्यंत न्या, वाटेत न थांबता. पुन्हा खाली जा, थोडा जास्त दाब, पुन्हा वर. तीन-चार फेऱ्यांत भिंत फुगत बाहेर जाते.

काठाला धरून वाडगा रुंद करू नका. काठ आपोआप मागून येतो. पोटातून फुगवलेला वाडगा उभा राहतो, काठाने ओढून पसरवलेला वाडगा मधोमध गुडघा मोडल्यासारखा बसतो.

बसण्याचं दुसरं कारण भिंतीचा खालचा तिसरा हिस्सा. सगळा वाडगा त्यावर तोललेला असतो. तिथली माती आत्ताच पातळ केली तर वरचं वजन पेलत नाही. ती जादा माती नंतर तासून निघणारच आहे, तिला इथे राहू द्या. बाहेरून वाडगा थोडा बोजड दिसेल. दिसू द्या, तुमचं लक्ष आतल्या वळणावर हवं. आतला आकार चाकावर ठरतो, बाहेरचा तासताना.

तपासा : चाक थांबवा आणि डोळे मिटून बोट तळाच्या मध्यापासून काठापर्यंत फिरवा. कुठे खाच, उंचवटा किंवा कोपरा लागला तर रिबचा एक फेरा तिथे.

भिंत थरथरू लागली तर तिथेच थांबा. थकलेल्या मातीला 'अजून थोडं' मानवत नाही. थोडा कमी रुंद वाडगा हाच त्या गोळ्याचा वाडगा, असं मान्य करा.

टप्पा ७ : काठ, सफाई आणि कापणे

ओल्या चामड्याच्या पट्टीने किंवा पातळ प्लास्टिकने काठ दोन फेरे गुळगुळीत करा. लाकडी सुरी तिरकी धरून बुडाशी साचलेली माती काढा, म्हणजे तारेला वाट मिळते आणि बुडाशी दमट कड राहत नाही.

तार दोन्ही हातांत ताणून, अंगठ्यांनी बॅटला दाबून, एका झटक्यात बुडाखालून ओढा. सैल तार मध्यावर वर उचलली जाते आणि बूड कापून टाकते. वाडगा बॅटवरून उचलू नका. रुंद काठ हातात घेताच लंबगोल होतो. बॅटसकट चाकावरून काढून बाजूला ठेवा.

सावध : काठ लंबगोल झालाच तर बोटांनी पुन्हा गोल करता येतो, तसा दिसतोही. पण माती ती वाकवणी लक्षात ठेवते आणि भट्टीत पुन्हा लंबगोल होते.

टप्पा ८ : चामड्याइतका घट्ट होईपर्यंत

पंखा, ऊन, उघडी खिडकी, तिन्हीपासून दूर. काठ पातळ म्हणून आधी वाळतो, बूड जाड म्हणून शेवटी. हा फरक वाढला की चीर जाते. काठावर प्लास्टिक हलकं टाका. काठ स्वतःचं वजन पेलण्याइतका घट्ट झाला की, हवेप्रमाणे साधारण काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, वाडगा पालथा करा. आता बूड हवेला आणि काठ झाकलेला.

तपासा : बुडावर नख दाबा. खूण उमटली पाहिजे, पण भिंत हलता कामा नये. लूप टूलने एक काप घ्या. लांब, सलग वळी निघाली तर वेळ झाली आहे. टूलला चिखल चिकटला तर थांबा. भुकटी किंवा तुकडे उडाले तर उशीर झाला. किंचितच कोरडा असेल तर ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून पाहा.

टप्पा ९ : बूड तासणे

तासण्याआधी मोजा. वाडग्यावर आडवी पट्टी ठेवून आतली खोली मोजा, मग टेबलापासून काठापर्यंतची बाहेरची उंची. दोहोंतला फरक म्हणजे बुडाची जाडी. तो कागदावर लिहा. अंदाजाने तासणारे शेवटी बुडाला भोक पाडतात, मी अशी भोकं फार पाहिली आहेत.

वाडगा चाकावर पालथा ठेवा. चाक हळू फिरवत सुईने बुडाजवळ हलकी रेघ ओढा. रेघ एकाच बाजूला उमटली तर ती बाजू बाहेर आहे, तेवढंच आत ढकला. रेघ सगळीकडे सारखी आली की काठाला तीन जागी मऊ मातीच्या वळ्या दाबून वाडगा पक्का करा. वळ्या चाकावर दाबा, वाडग्यावर नव्हे.

आता कापण्याचा क्रम. आधी बुडाचा पृष्ठभाग सपाट करा. मग बाहेरची भिंत, बुडाकडून काठाकडे, आतल्या वळणाला समांतर येईपर्यंत. मग कड्याची बाहेरची रेघ ठरवा. १५ सेंटिमीटरच्या वाडग्याला ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाचं कडं शोभतं. त्याहून लहान केलं तर वाडगा कलंडतो, त्याहून मोठं केलं तर जड दिसतो. कड्याची जाडी ६-८ मिलिमीटर सोडून सगळ्यात शेवटी आतला भाग कोरा, मध्याकडून कड्याकडे. शेवटाला ५-६ मिलिमीटर बूड उरलं पाहिजे.

टूल दोन्ही हातांनी धरा आणि डाव्या हाताचं एक बोट बुडाच्या मध्यावर हलकं ठेवा. ते बोट वाडगा दाबून धरतं आणि बूड लवू लागलं तर सर्वांत आधी सांगतं.

तपासा : बोटाने बुडावर टकटक करा. जाड माती बद्द वाजते, पातळ होत गेली की आवाज पोकळ आणि वरच्या पट्टीचा होतो. आवाज बदलला की टूल खाली ठेवा. बोटाखाली बूड लवत असेल तर तुम्ही आधीच थोडं पुढे गेला आहात.

कड्याची बाहेरची धार तिरकी करा, ओलसर बोटाने घोटा. धारदार कड्याचे टवके उडतात.

सावध : तासलेली वाळकी माती झाडूने झाडू नका. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या कामाला एन-९५ मास्क लावा. चिखलाचं पाणी मोरीत ओतू नका, बादलीत निवळू द्या, वरचं पाणी टाका आणि गाळ पुन्हा वापरा.

टप्पा १० : पूर्ण वाळवणे आणि पहिली भाजणी

तासलेला वाडगा पालथा, सैल प्लास्टिकखाली, एक-दोन दिवस. मग उघडा. एकूण आठवडाभर धरा, दमट हवेत जास्त.

तपासा : वाडग्याचं बूड गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. खोलीतल्या कोरड्या लाकडाइतकं लागलं तर वाळलं आहे.

भट्टीत भांडी हवेच्या बुडबुड्याने फुटतात असं सर्रास सांगतात. फोडते ती वाफ. जाड किंवा दमट मातीतलं पाणी १०० अंश सेल्सिअसला वाफ होऊन बाहेर पडू पाहतं, वाट मिळाली नाही की भिंत उडवतं. म्हणून सुरुवातीला भट्टीचं झाकण किंवा भोक किंचित उघडं ठेवून ८० ते ९० अंशांवर काही तास थांबा. त्यानंतर ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंशांपेक्षा घाई नको. साधारण ४५० ते ६०० अंशांत मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघतं, आणि ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं. उतरताना तोच बदल उलटा होतो, म्हणून थंड होतानाही घाई नको. पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण १,००० अंशांना. भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडू नका.

टप्पा ११ : ग्लेझ आणि दुसरी भाजणी

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा थर होणारा लेप, मातीच्याच तापमानाचं हवं, आणि ज्या वाडग्यातून खायचं आहे त्याला शिसेविरहित, खाण्याच्या भांड्यांसाठीचं म्हणून दिलेलं. बिस्क वाडगा ओलसर स्पंजने पुसा आणि नंतर आतून हाताळू नका. धूळ किंवा बोटाचा तेलकटपणा राहिला तिथून ग्लेझ मागे सरकतं आणि उघडी माती दिसते. कड्याला आणि त्याच्यावर ३-४ मिलिमीटरपर्यंत मेण लावा.

बादलीतलं ग्लेझ तळापर्यंत ढवळा, जड कण खाली बसलेले असतात. आधी आत ओतून, फिरवून, ओतून टाका. मग चिमट्याने किंवा बोटांनी कडं धरून वाडगा काठाकडून सरळ पालथा बुडवा, दोन-तीन सेकंद, आणि बाहेर. सुईने एका जागी ओरखडून थर पाहा. एक मिलिमीटरच्या आसपास बरा. जाड थर ओघळून भट्टीच्या फळीला चिकटतो. मेणावर उरलेले थेंब पुसून टाका.

पहिल्या भाजणीत भांडी एकमेकांना टेकली तरी चालतात, ग्लेझ लावलेली मुळीच नाही. मध्ये बोटाच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. बहुतेक स्टोनवेअर १,२२० ते १,२८० अंशांदरम्यान पिकतं, नेमका आकडा मातीच्या आणि ग्लेझच्या पिशवीवरचा.

शेवटची तपासणी : कडं ओल्या पॉलिशच्या दगडाने किंवा वॉटर पेपरने घासा, टेबलावर ओरखडा उठता कामा नये. वाडगा पाण्याने भरून कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर माती पूर्ण पिकलेली नाही, त्याच तापमानाच्या आणखी एका भाजणीआधी भट्टीने खरंच किती तापमान गाठलं ते पायरोमेट्रिक कोन (ठरावीक तापमानाला वाकणारा छोटा सुळका) ठेवून पाहा. मग दुसऱ्या रात्री व्हिनेगर थोडं तळाशी ठेवा. तेवढ्या जागी ग्लेझचा रंग किंवा चमक बदलली तर तो वाडगा खाण्यासाठी वापरू नका, किल्ल्या-नाणी ठेवायला द्या.

बारीक कडकड ऐकू येऊन ग्लेझमध्ये जाळीदार भेगा दिसल्या तर ग्लेझ आणि माती यांचं आक्रसणं जुळलेलं नाही. त्या वाडग्याचं आता काही करता येत नाही, पण त्याच मातीच्या पुढच्या वाडग्यांना दुसरं ग्लेझ लावून पाहा, आणि त्या प्रत्येकावर बुडाशी सुईने तारीख आणि ग्लेझचा क्रमांक कोरून ठेवा, माती चामड्याइतकी घट्ट असतानाच.